शिक्षकांची प्रशिक्षणाधिष्ठित वेतनवाढ

शिक्षकांची प्रशिक्षणाधिष्ठित वेतनवाढ : सेवेत असलेल्या शिक्षकाने विहित प्रशिक्षण पूर्ण केल्यास किंवा अधिक वरची शैक्षणिक अर्हता मिळविल्यास त्यास वरची वेतनश्रेणी अथवा आगाऊ वेतनवाढ देण्याची पद्धती. नियमित वार्षिक वेतनवाढ केवळ सेवाकालावर अवलंबून असते, तर पदोन्नतीने शिक्षकाचे पद व कामाचे स्वरूप बदलते. प्रस्तुत पद्धतीत पद तेच राहते. शिक्षक वर्गातच शिकवीत राहतो, मात्र त्याची वेतनश्रेणी उंचावते. अनुभवी शिक्षक अध्यापनातच टिकावा आणि त्याचे स्वतःचे अध्ययनही चालू राहावे, असा तिचा दुहेरी हेतू असतो.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात शिक्षकाच्या आर्थिक उन्नतीचा मुख्य मार्ग वर्गाबाहेर जात असे. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे रत्नागिरीस शिक्षक होते. शाळातपासणी खात्यात साहाय्यक उपनिरीक्षकाची जागा मिळाल्यावर १८६६ मध्ये ते पुण्यास गेले. बढती हीच वेतनवाढ असल्याने चांगला शिक्षक शाळेला अंतरत असे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेनुसार विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील यशावर शाळांचे अनुदान ठरू लागले. त्यामुळे घोकंपट्टी बळावली, अशी टीका होऊन १८९७ पर्यंत ही पद्धती पूर्णपणे बंद झाली. अमेरिकेत डेन्व्हर व डी मॉइन या शहरांनी १९२१ मध्ये एकेरी वेतनपत्रक स्वीकारले. त्यात सेवेची वर्षे आणि पदव्या वा श्रेयांक हे दोनच निकष होते. तत्पूर्वी प्राथमिक शाळांतील शिक्षिकांना माध्यमिक शाळांतील पुरुष शिक्षकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. ही विषमता घालविण्यास एकेरी पत्रक उपयोगी पडले, म्हणून ते देशभर पसरले.

महाराष्ट्रातील योजना : कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत दोन ते तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. तीत वेतनाचा प्रश्न मुख्य नव्हता. प्रा. देवीप्रसाद चटोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगाने (१९८३–८५) शालेय शिक्षकांच्या वेतनाचा व व्यावसायिक उन्नतीचा एकत्र विचार केला. त्यानंतर महाराष्ट्रात मूळ, वरिष्ठ व निवड अशी त्रिस्तरीय वेतनरचना १९८९ च्या शासननिर्णयाने आली व ती १ जानेवारी १९८६ पासून लागू धरण्यात आली. शिक्षकांच्या बोलण्यात ती ‘चटोपाध्याय’ याच नावाने रूढ झाली.

या रचनेत बारा वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर, विहित प्रशिक्षण पूर्ण केलेल्या शिक्षकास वरिष्ठ श्रेणी मिळते. त्यापुढील बारा वर्षांनंतर, म्हणजे एकूण चोवीस वर्षांच्या सेवेनंतर, तो निवडश्रेणीस पात्र ठरू शकतो. निवडश्रेणीसाठी शैक्षणिक अर्हतेतील वाढ अपेक्षित असते व ती पदांच्या वीस टक्के मर्यादेतच देण्यात येते. त्यामुळे सर्व अटी पूर्ण करणाऱ्यासही सेवाज्येष्ठतेनुसार वाट पाहावी लागते.

वरिष्ठ श्रेणीचे आर्थिक महत्त्व पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल. सातव्या वेतन आयोगानुसार प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाच्या मूळ श्रेणीचा आरंभ २९,२०० रुपयांवर, तर वरिष्ठ श्रेणीचा ३५,४०० रुपयांवर होतो. वार्षिक वेतनवाढ मूळ वेतनाच्या तीन टक्के असते. महागाई भत्ता व घरभाडे भत्ताही मूळ वेतनावरच मोजतात. परिणामी एका श्रेणीचा फरक उरलेल्या सेवाकालात वाढत जातो आणि निवृत्तीनंतरच्या लाभांपर्यंत पोहोचतो.

अंमलबजावणीतील प्रश्न : या पद्धतीतील मूळ अडचण अशी, की प्रशिक्षण ही शिक्षकाने पाळावयाची अट असली, तरी ते उपलब्ध करून देणे शासनयंत्रणेच्या हाती असते. बारा वर्षे पुरी झाली तरी प्रशिक्षणवर्ग भरला नाही, तर शिक्षकाकडे कोणतीही उणीव नसताना त्याच्या लाभाची मंजुरी लांबते. असे प्रसंग महाराष्ट्रात वारंवार उद्भवले. २०२१ मध्ये पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे ही जबाबदारी सोपविण्यात आली. २०२२ मध्ये परिषदेने प्रशिक्षण ऑनलाइन घेतले व त्यासाठी दोन हजार रुपये शुल्क आकारले. २०२५ मध्ये ते पुन्हा प्रत्यक्ष वर्गांतून देण्यात आले.

दोन्ही प्रकारांचे गुणदोष रत्नागिरीसारख्या लांबट व डोंगराळ जिल्ह्यात स्पष्ट दिसतात. वर्ग जिल्ह्याच्या ठिकाणी भरला, तर रत्नागिरी शहरातील मांडवी बंदरालगतचा शिक्षक घरी राहून तो पूर्ण करू शकतो; मंडणगडच्या शिक्षकास मात्र त्यासाठी शंभराहून अधिक किलोमीटर दूर येऊन मुक्काम करावा लागतो. ऑनलाइन वर्गाने हे अंतर मिटते. परंतु दुर्गम गावी संपर्क-यंत्रणा क्षीण असते आणि शिक्षकांची परस्पर चर्चाही उणावते. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक सत्राच्या काळात प्रशिक्षणास गेल्यास सर्व वर्ग दुसऱ्याच्या अंगावर पडतात. म्हणून सुटीतील प्रशिक्षण शाळेच्या दृष्टीने सोयीचे ठरते.

२३ ऑक्टोबर २०१७ च्या शासननिर्णयाने या श्रेण्यांसाठी शाळेची प्रतवारी व माध्यमिक वर्गांचा निकाल यांच्या अटी जोडण्यात आल्या. विद्यार्थ्यांची आर्थिक-सामाजिक परिस्थिती व शाळेच्या भौतिक सुविधा शिक्षकाच्या हाती नसतात, या कारणास्तव शिक्षक-संघटनांनी त्यांस विरोध केला आणि पुढे त्यांत बदल झाला. इतर राज्य कर्मचाऱ्यांना दहा, वीस व तीस वर्षांच्या सेवेनंतर लाभ देणारी सुधारित आश्वासित प्रगती योजना १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. ती आपणांसही लागू करावी, अशी मागणी या संघटनांनी केली आहे.

उच्च शिक्षण : महाविद्यालयीन शिक्षकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने उद्बोधन व उजळणी वर्गांची जोड वेतनोन्नतीस दिली. त्यासाठी १९८७ पासून अनेक विद्यापीठांत शैक्षणिक कर्मचारी महाविद्यालये निघाली. २०२३ पासून त्यांची उत्तराधिकारी केंद्रे मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. येथेही वर्गांतील जागा अपुऱ्या पडल्याने अट पूर्ण करण्यास आयोगाला मुदतवाढी द्याव्या लागल्या. पीएच्.डी. साठी मिळणाऱ्या आगाऊ वेतनवाढी सातव्या वेतन आयोगाच्या रचनेत बंद झाल्या. त्यांऐवजी या पदवीधारकास वरच्या श्रेणीत लवकर जाता येते.

मूल्यमापन : पदवी वा श्रेयांक आणि विद्यार्थ्यांची प्रगती यांचा संबंध अमेरिकेतील संशोधनात बहुधा क्षीण आढळला आहे. मात्र शिक्षक जो विषय शिकवितो त्याच विषयातील—विशेषतः गणितातील—उच्च अध्ययन उपयुक्त ठरल्याचे काही अभ्यास दाखवितात. एकेरी पत्रकाचा आरंभ जेथे झाला त्या डेन्व्हरच्या मतदारांनी २००५ मध्ये अन्य निकषांचा समावेश असलेल्या वेतनयोजनेस मान्यता दिली. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाने दरवर्षी किमान पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, असे म्हटले आहे.

बारा वर्षांतून एकदा घेतलेल्या वर्गापेक्षा दरवर्षीचे अध्ययन अधिक फलदायी होण्याचा संभव आहे. तथापि त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात : प्रशिक्षण शिक्षकाच्या विषयाशी व वर्गातील प्रत्यक्ष कामाशी निगडित असणे, ते प्रत्येकास वेळेवर व विनामूल्य उपलब्ध होणे, आणि यंत्रणेच्या विलंबाचा भार शिक्षकाच्या वेतनावर न पडणे. यांच्या अभावी प्रमाणपत्र मिळविणे हेच प्रशिक्षणाचे प्रयोजन होऊन बसते आणि योजनेचा शैक्षणिक हेतू मागे पडतो.