विश्लेषण : पतीच्या चितेआधी पत्नीच्या बांगड्या का फुटतात? हेरवाडच्या ठरावाने काय बदलले?

घरातून पार्थिव निघण्याच्या सुमारास अनेक गावांत आणखी एक विधी होतो. पत्नीचे कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेतात. दुःखाच्या त्या क्षणी तिला कुणी काही विचारत नाही. हे थांबवण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने केला.

ठराव काय होता?

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव संमत केला. ते राजर्षी शाहू महाराजांचे स्मृतिशताब्दी वर्ष होते. याच महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता.

कल्पना कुठून आली?

करोनाकाळात अनेक तरुण स्त्रिया विधवा झाल्या. करमाळ्यातील एका सामाजिक कार्यकर्त्याने सहकाऱ्याच्या अंत्यविधीत हा प्रकार पाहिला. आपल्या मागे पत्नीवर ही वेळ आणू नये, असे त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिले आणि ग्रामपंचायतींना ठरावाचे आवाहन केले.

शासनाची भूमिका काय?

ग्रामविकास विभागाने १७ मे २०२२ रोजी परिपत्रक काढून सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. मात्र परिपत्रकाचा भर जनजागृतीवर आहे. ठराव मोडला म्हणून त्यात शिक्षा नाही.

मग उपयोग काय?

विधीला नकार देणाऱ्या घराला ‘गावाचा ठराव आहे’ असे म्हणता येते. भावकीतल्या वडीलधाऱ्यांसमोर एकट्या सुनेला किंवा मुलीला जे बोलता येत नाही, ते गावाच्या नावाने बोलता येते.

प्रथा खरेच जातात का?

एकेकाळी केशवपनही अटळ मानले जाई. १८९० मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. आज ती प्रथा जवळपास इतिहासजमा झाली आहे.

पुढे काय?

बांगड्या वाचल्या तरी हळदीकुंकवाला बोलावणे येते का, मुलाच्या लग्नात आईला पुढे बसवतात का, हे प्रश्न उरतात. त्यांची उत्तरे परिपत्रकात नाहीत. ती प्रत्येक घराला द्यायची आहेत, आणि तीही शक्यतो कुणी जाण्याआधीच, घरात मोकळेपणाने बोलून.