लहानात लहान गाडीला बारा बैल

दसरा झाला की छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठ गेटवर गावाकडची माणसं जास्त दिसायला लागतात. धोतर, टोपी, नऊवारी किंवा गुडघ्याच्या वर खोचलेली सहावारी, हातात वायरची पिशवी, खांद्यावर गच्च बांधलेलं पोतं. बीड, जालना, परभणीकडून आलेले आईबाप असतात हे. त्यांतल्या कितीतरी जणांनी ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. दिवाळीच्या आगेमागे टोळी निघाली की पुढचे पाच-सहा महिने सांगली, कोल्हापूर, नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्यातरी फडात जातात. तिथून लेकराला बघायला येणं शक्य नसतं, म्हणून आधीच येऊन जायचं.

मी या शहरात बरीच वर्षं राहते, तरी या भेटींकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. एका संध्याकाळी गेटसमोर एक मुलगी आईवडिलांना काहीतरी सांगत होती. बोट वर, आवाज मोठा, मध्येच थांबून "कळलं का?" असं विचारणं. दोघंही मन लावून ऐकत होते. काय दाखवायचं, काय टाळायचं, आईचा गुडघा किती पायऱ्या सोसेल, रिक्षा कुठून स्वस्त पडेल, हे सगळं तिनं आधीच ठरवलेलं दिसत होतं. हे कष्टाचं काम आहे, आणि ते जवळून पाहायला हवं, असं तेव्हा वाटून गेलं. विद्यापीठात शिकवणाऱ्या मैत्रिणीनं एम. ए. इतिहासाच्या एका विद्यार्थिनीशी ओळख करून दिली. ती बीड जिल्ह्यातली. आईवडील रविवारी येणार होते. "या की मॅडम, मायला बरं वाटंल," ती म्हणाली.

तिनं वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. वसतिगृह, विभाग, ग्रंथालय, गेट, बीबी का मकबरा, पाणचक्की, शेवटी बसस्थानक. प्रत्येकापुढे वेळ. गुलमंडीचा बाजार लिहून खोडलेला होता. का खोडलं, असं मी विचारलं. "तिथं गेलं की माय माझ्यासाठी कायतरी घेणारच. उचलीतले पैसे हायत ते."

बीडची गाडी मध्यवर्ती बसस्थानकात उशिरा लागली. आईचं तिकीट आता अर्धं लागतं, हे दोघांनीही उतरल्या उतरल्या सांगितलं. शेअर रिक्षात आम्ही कोंबून बसलो. भडकल दरवाजा आल्यावर मुलीनं सांगितलं की हा मलिक अंबरनं बांधला, आणि हे शहरही त्यानंच 1610 साली खडकी म्हणून वसवलं. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. "इकलेला?" वडिलांनी विचारलं. "व्हय अप्पा, इकलेला. नंतर निजामशाहीचा कारभार त्यानंच चालवला." अप्पांनी मान वळवून दरवाजा दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

पुढे नागसेनवन. इथं मुलीला काही सांगावं लागलं नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथं कॉलेज सुरू केलं, 1951 मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, हे अप्पांना तोंडपाठ होतं. मुलगी बी. ए.ला याच मिलिंद कॉलेजात होती. पहिल्यांदा ॲडमिशनला आले तेव्हा कॉलेजच्या पायऱ्यांवर डोकं टेकवल्याचं आईनं मला सांगितलं.

वसतिगृहाशी गाडं अडलं. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना भेटीच्या जागेपलीकडे जाता येत नाही. नियम बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बापानं बसायचं कुठं, याचं उत्तर त्या आवारात नव्हतं. अप्पा फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत, रस्त्याच्या कडेच्या सिमेंटच्या कठड्यावर पोतं मांडीजवळ घेऊन बसले. मी बाई असल्यानं आईसोबत आत जाऊ शकले.

खोलीत तीन खाटा होत्या. आईनं गादी उचलून खालची फळी पाहिली. उशीचा वास घेतला. बादलीत हात घातला आणि विचारलं, पाणी किती दिसाला येतं. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही हे मराठवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. जायकवाडी एवढ्या जवळ असून अशी गत आहे, याची मला शहराची रहिवासी म्हणून लाज वाटते. "टँकर येतो माय," मुलगी म्हणाली. मग पिशवीतून धपाटे निघाले, शेंगदाण्याची चटणी निघाली, आणि स्टीलच्या डब्याचं झाकण उघडताच खोलीभर येसराचा वास पसरला. भाजलेली धान्यं, धने, मिरची, खोबरं यांचा तो खमंग, जरा करपट वास. मराठवाड्याबाहेर येसर फारसं कुणाला माहीत नाही. चमचाभर येसर पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार होते. मेसची भाजी पाणीदार असते, त्यात ही मुलगी येसर मिसळून खाते. डब्यात मार्गशीर्षापर्यंत पुरेल एवढं आहे, असा आईचा हिशोब होता. "नंतर आम्ही फडावं असू. तिथं कुठं दळायचं गं?" खोलीतल्या दुसऱ्या दोघी मुलीही डब्याकडे सरकल्या. आईनं त्यांनाही वाटीभर काढून दिलं. तो वास त्या दिवशी माझ्या पदराला लागला आणि घरी आल्यावरही गेला नाही.

बाहेर आलो तर अप्पा तिथंच बसलेले. जेवणही त्यांनी कठड्यावरच केलं. खेड्यापाड्यांतली लेकरं घेऊन चालणाऱ्या विद्यापीठात आईबापांसाठी चार खोल्या आणि एक ओटा असायला काय हरकत आहे? उपाहारगृह नको, सभागृह नको. रात्री अंग टाकता येईल एवढी जागा. ती नसल्यामुळे दीड दिवसाची भेट पाच-सहा तासांत उरकावी लागते, आणि मुलीच्या यादीतल्या प्रत्येक नोंदीपुढे वेळ लिहावी लागते.

विभाग रविवारमुळे बंद होता, बाहेरूनच पाहिला. अभ्यासिकेतली आपली खुर्ची तिनं दाराच्या काचेतून दाखवली. कमवा आणि शिका योजनेत ती कुठं काम करते तेही दाखवलं.

गेटवर मात्र थांबलो. मुलगी सवयीनं सांगू लागली: मराठवाडा विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958ला स्थापन झालं, 27 जुलै 1978ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी त्याला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव केला, आणि नाव प्रत्यक्षात बदललं ते 14 जानेवारी 1994ला. अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. इथं ते बोलले आणि ती ऐकत राहिली. अठ्ठ्याहत्तरला ते पाळण्यात होते. ठरावाची बातमी आली आणि चार दिवसांत दलित वस्तीतली घरं पेटवली गेली, त्यांच्या वडिलांनी दाणे भरलेली कणगी सोडून फक्त पोरं उचलली, सगळे ज्वारीच्या रानात लपले. नामांतराच्या लढ्यात जीव गेलेले पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे ही नावं त्यांनी हळू आवाजात घेतली. सोळा वर्षं लागली, हे त्यांनी दोनदा म्हटलं. "तुझा आजा चौऱ्याण्णवला हितं आल्ता. टरकात उभा राहून. गेटाला हात लावून माघारी गेला. आत नव्हता गेला." मुलीला हे माहीत नव्हतं. तिनं वही काढली, पण लिहिलं काहीच नाही. मग तिघांचा फोटो मी काढला.

मकबऱ्यात अप्पा वेगळेच दिसले. या इमारतीची ताजमहालाशी तुलना करून तिला कमी लेखायची आपल्याकडे जुनी खोड आहे. ताज बाजूला ठेवून पाहिलं तर मागच्या डोंगराला लागून उभा असलेला हा मकबरा फार देखणा आहे, असं माझं मत आहे. मुलीनं तुलनेला हातच घातला नाही. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये वारली, तिची ही कबर. मुख्य दरवाज्यावर अताउल्ला आणि हंसपतराय या बांधणाऱ्यांची नावं आहेत. खर्च सहा लाख अडुसष्ट हजार दोनशे तीन रुपये सात आणे असा नोंदवलेला आहे. सात आण्यांपर्यंतचा हिशोब ऐकून आईनं "बया!" म्हटलं. घुमट संगमरवरी आहे, खाली भिंतीचा पट्टाही संगमरवरी, मधलं बरंचसं काम काळ्या दगडाचं आणि वरून गिलावा. संगमरवर आला जयपूरकडच्या खाणींतून. आणि मग तिनं सांगितलं की ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सुरतेहून गोवळकोंड्याला चालला होता, त्याला वाटेत संगमरवर लादलेल्या तीनेकशे गाड्या भेटल्या. लहानात लहान गाडीला बारा बैल होते.

अप्पा थांबले. "किती?"

"बारा. कमीत कमी."

अप्पा टायरगाडीवर ऊस ओढतात. एका बैलजोडीवर दीड-दोन टन भरतात, आणि फडातून कारखान्यापर्यंतची चाल त्यांना बैलाच्या श्वासावरून कळते. बारा बैल म्हणजे सहा जोड्या, ते म्हणाले. सहा जोड्या एकामागं एक जुंपल्या तर पुढची जोडी आणि गाडी यांच्यात केवढं अंतर पडतं, हे त्यांनी हिरवळीच्या कडेनं पावलं टाकून आम्हाला दाखवलं. वळणावर काय करत असतील? मागची जोडी आत ओढली जाणार, जू मानेवर चढणार. घाट लागला असेल का? दख्खनवर यायचं म्हणजे घाट चढावाच लागतो, पण कुठला ते ताव्हेर्निएनं लिहिलेलं नाही, असं मुलीनं सांगितलं. उतारावर तर अजून वंगाळ, अप्पा म्हणाले, दगडाचं वजन बैलाच्या अंगावर येतं. मग चाऱ्याचा हिशोब निघाला. तीनशे गाड्या, लहानात लहान गाडीला बारा, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर जनावर. एका मुक्कामाला एवढा कडबा कोण पुरवील, एवढं पाणी कुठल्या बारवेत असेल?

मला हे पाहताना फार बरं वाटलं. ऊसतोड कामगारांवर आपण लिहितो ते नेहमी त्यांच्या हालांबद्दल, आणि ते लिहायलाच हवं. पण या माणसाकडे जनावर, ओझं आणि वाट यांचं जे ज्ञान आहे त्याबद्दल त्याला कुणी विचारत नाही. घुमटाकडे बघत त्यानं विचारलेले सगळे प्रश्न कुठल्याही इतिहासाच्या वर्गात विचारण्याजोगे होते. मुलगी आता भराभर लिहीत होती. आई पायरीवर गुडघा चोळत बसली होती, तिनं एकदाच विचारलं, "बैल मेले असतील का गं वाटंत?"

लेणी राहिली. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यातलं नृत्याचं शिल्प आईला दाखवायचं मुलीच्या मनात फार होतं, पण पायऱ्यांचा विचार करून तिनं ते यादीतच घेतलं नव्हतं.

बेगमपुऱ्यातून मकाई गेट ओलांडून पाणचक्कीवर आलो तेव्हा ऊन कललं होतं. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून कोसांवरून आणून इथं वर चढवलेलं, त्याच्या जोरावर खाली दगड फिरायचा आणि इथल्या दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. ही जागा आईची. जात्यावर पहाटे किती दळावं लागायचं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे पाण्यानं फिरणारा दगड तिनं बराच वेळ वाकून पाहिला. नहरीचं पाणी तेव्हा दर्ग्यापर्यंत पोचत होतं, आणि तिच्या लेकीच्या वसतिगृहाला टँकर लागतो, हेही तिनंच बोलून दाखवलं.

बसस्थानकावर बीडची गाडी भरत आली होती. आईनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेल्या नोटा काढल्या, मुलीनं घेतल्या नाहीत, शेवटी निम्म्या घेतल्या. अप्पा खिडकीतून म्हणाले, "त्या फ्रेंचाच्या पुस्तकात बघ बरं, बैल कुठल्या जातीचे व्हते ते."

टोळी दिवाळीनंतर निघाली. पुढे एकदा मुलीचा फोन आला. बैलांची जात ताव्हेर्निएच्या पुस्तकात सापडली नव्हती, पण मुघल फौजांना धान्य पुरवणाऱ्या बंजारा तांड्यांबद्दल ग्रंथालयात बरंच निघालं होतं, आणि लघुप्रबंध मालवाहतुकीवर करायला सरांनी होकार दिला होता. अप्पांनी फडावरून रात्री फोन करून सांगितलेलं तिनं मला वहीतून वाचून दाखवलं. सहा जोड्या असतील तर पुढची जोडी वयस्क लागते, वाट ओळखणारी. तरणे बैल मध्ये, आणि सगळ्यात ताकदीची जोडी गाडीला लागून, कारण उतारावर गाडी तीच धरते. लहानात लहान गाडीला बारा बैल, म्हणजे गाडीवान एकटा पुरायचा नाही, दर दोन जोड्यांमागं एक माणूस बाजूनं चालत असणार. तेवढी माणसं कुठल्या गावातून धरली ते शोध, असं त्यांनी तिला सांगितलं होतं.