सीमेपलीकडची जुनी मोटरसायकल घेताना

गोव्यात मनासारखी जुनी मोटरसायकल मिळाली नाही की घेणाऱ्याची नजर घाटापलीकडे जाते. साखळीहून केरी, चोर्ला, कणकुंबी, जांबोटी करीत बेळगाव गाठावे. तिथून पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेला निघाले की संकेश्वर, तवंदी घाट आणि मग निपाणी. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. बदली झालेले, शिक्षण संपवून पुण्या-बंगळूरला निघालेले लोक गाड्या विकायला काढतात. शिवाय या साऱ्या पट्ट्यात घासाघीस मराठीत होते, त्यामुळे सौदा परका वाटत नाही. हा घरोबाच कधी कधी महागात पडतो. निपाणीच्या एखाद्या चहाच्या टपरीसमोर केए-२३, केए-२२ आणि एमएच-०९ अशा पाट्यांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असतात आणि त्यांत कुणाला काही वेगळे दिसत नाही. वाहन नोंदणीच्या कायद्याला मात्र चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर आणि म्हापसा ही चार निरनिराळी कार्यालये दिसतात, तीही तीन राज्यांतली.

या लेखात ‘स्पोर्ट टूरर’ म्हणवल्या जाणाऱ्या गाड्यांपुरता विचार केला आहे. शर्यतीच्या गाडीसारखे पोट टाकीवर टेकवून बसावे लागत नाही, आणि बुलेटसारखी ताठ बैठकही नाही. पुढे वारा अडवणारे फेअरिंग, महामार्गावर तासन् तास टिकणारा वेग आणि घाटाच्या वळणांत विश्वासाने झुकणारी चौकट, असे तिचे साधारण वर्णन करता येईल. आपल्याकडे ही चव लावली ती २००३ साली आलेल्या हिरो होंडाच्या २२३ सीसी करिझ्माने. पुढे पल्सर २२० एफ, २०११ ची होंडा सीबीआर २५० आर, २०१६ अखेरची बजाज डोमिनार ४००, २०१७ अखेरची टीव्हीएस अपाचे आरआर ३१० आणि वरच्या पायरीवर कावासाकी निंजा ६५० असा तो वंश वाढत गेला. पणजी ते बेळगाव आणि पुढे कोल्हापूर या मार्गाला अशी गाडी जितकी शोभते तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या मार्गाला शोभत असेल: अर्धा प्रवास घाटाचा, अर्धा चौपदरी महामार्गाचा.

यांपैकी कोणती घ्यावी, याचे उत्तर वेगापेक्षा सुट्या भागांवर ठरवावे, असे माझे मत आहे. सीबीआर २५० आर हे अतिशय गुणी, पाण्याने थंड होणारे इंजिन; पण २०२० मध्ये भारत-६ मापदंड लागू झाले तेव्हा ती बाजारातून गेली. इंजिन वर्षानुवर्षे कुरकुरत नाही, पण फेअरिंगचा एक तुकडा फुटला तर तो शोधत फिरावे लागते. म्हणून त्या गाडीत प्लास्टिक शाबूत असणे हे रंग चमकण्यापेक्षा मोलाचे. पल्सर २२० चे भाग मात्र तालुक्याच्या गावीही मिळतात. डोमिनार घेताना वर्ष पाहावे. २०१९ च्या सुधारित गाडीला उलटे फोर्क आणि पस्तीसऐवजी चाळीस पीएसच्या आसपास ताकद देणारे इंजिन मिळाले; विकणारा सांगतो ‘एकच गाडी’, पण तसे नाही. निंजा ६५० चे ६४९ सीसीचे जोडसिलिंडर इंजिन दणकट म्हणून नावाजलेले आहे. तिथे प्रश्न खर्चाचा. मागचा टायर १६०/६० मापाचा, ब्रेकच्या डिस्क महाग, आणि जवळचे अधिकृत सेवा केंद्र कुठे हे आधी विचारावे. एका लहान चारचाकीच्या देखभालीइतका खर्च मनाशी धरूनच ती घ्यावी. पहिलीच मोठी गाडी म्हणून दोनशे किलोंच्या आसपासचे हे वजन चोर्ल्याच्या ओल्या वळणावर सांभाळणे सोपे नाही, हेही जाता जाता सांगायला हवे.

आणखी एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस ब्रेक सक्तीचे झाले ते नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांसाठी एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाडीत ते असेलच असे नाही. पावसाळ्यात घाट ओलांडणाऱ्याने एबीएस नसलेली गाडी केवळ स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये.

गाडी पाहायला जाण्याआधी विकणाऱ्याला एकच विनंती करावी: इंजिन सुरू करून ठेवू नका. आपण पोहोचल्यावर सिलिंडरला हात लावावा. तो गरम असेल तर थंड इंजिनाची कुरकुर आपल्यापासून लपवली गेली असे समजायला हरकत नाही. थंड इंजिन सुरू होताना टायमिंग चेनची खडखड ऐकू येते आणि ती क्षणभरात थांबली नाही तर खर्च जवळ आला आहे. निळा धूर म्हणजे तेल जळते. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ लेप दिसला तर तेलात पाणी शिरले आहे का, हे मेकॅनिककडून तपासल्याशिवाय पुढे बोलू नये. पाण्याने थंड होणारी गाडी दहा मिनिटे उभीच चालू ठेवावी, रेडिएटरचा पंखा आपणहून फिरला पाहिजे. फोर्कच्या नळीवर तेलाचे कडे दिसते का, हँडल मध्यावर आल्यावर खाचेत बसल्यासारखे अडकते का, मागच्या चक्राचे दात एका बाजूला वाकले आहेत का, एवढे पाहायला यंत्रज्ञ असावे लागत नाही. टायरच्या अंगावर चार अंक असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचे रबर घाटासाठी उपयोगाचे नाही.

पडलेली गाडी ओळखणे थोडे अवघड, आणि बेळगावात अधिकच अवघड. हे शहर ओतकाम, हायड्रॉलिक यंत्रे आणि लेथवरच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीच्या शहरात वाकलेली फोर्कची नळी सरळ करणारा, रिम ताठ करणारा कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही. गाडी चालवणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय. घेणाऱ्याच्या दृष्टीने अपघाताची खूण पुसली जाण्याची शक्यता. कारागिराने नळी सरळ केली तरी एक जागा बहुधा तशीच राहते: हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे टेकते तो चौकटीवरचा लहानसा उंचवटा. गाडी समोरून आदळली असेल तर तो चेपलेला किंवा त्यावरचा रंग उडालेला दिसतो. फेअरिंगच्या आतल्या बाजूला हात फिरवून वितळवून जोडलेले कान चाचपावेत. चासी क्रमांक हँडलच्या मानेवर ठोकलेला असतो. तो आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवावा आणि भोवतीचा रंग नंतर दिलेला वाटतो का ते पाहावे.

या पट्ट्यातल्या गाडीबाबत पुराचा प्रश्न विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर, सांगली आणि बेळगाव जिल्ह्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली, महामार्ग बंद पडला आणि घरांच्या अंगणातल्या गाड्याही बुडाल्या. इंजिन साफ करून त्या पुन्हा रस्त्यावर येतात. बुडालेले इंजिन वाचते, पण वायरिंग वाचत नाही. आजच्या इंजेक्शन पद्धतीच्या गाडीचा मेंदू त्याच वायरींच्या टोकाला असतो. सीट काढून बॅटरीच्या कप्प्यात, वायरींच्या जोडणीत आणि एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ शोधावा. जोडणीच्या पितळी पिना हिरव्या पडल्या असतील, मीटरच्या काचेच्या आत पाण्याची रेघ असेल, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत फिरावे. विम्याचे जुने कागद मागावेत. २०१९ किंवा २०२१ मध्ये मोठा दावा झाला असेल तर तो कशासाठी, हे विचारण्याचा घेणाऱ्याला हक्क आहे. दुसऱ्या बाजूने पाहता, आपल्याकडच्या किनारी गाड्यांना खारी हवा आतून खाते तशी घाटमाथ्यापलीकडची गाडी खाल्लेली नसते. चौकटीचे जोड आणि सायलेन्सर पाहिले की हा फरक दिसतो. घाट चढून जाण्यात अर्थ आहे तो यासाठी.

चालवून पाहण्यासाठी शहरातली गल्ली निरुपयोगी. निपाणीत असाल तर तवंदी घाट हाताशी आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतो आहे. उतारावर ब्रेक दाबताना लिव्हर थरथरते का, सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला जाऊ पाहते का, हे कळते. अर्थात विमा चालू आहे हे पाहिल्यावरच, आणि हेल्मेट घालून.

आता कागद. यांत लोक सर्वांत कमी वेळ घालवतात, आणि पस्तावण्याची वेळ बहुधा यांमुळेच येते. सीमाभागात एक रूढ पद्धत आहे: आरसी हातात द्यायची, २९ आणि ३० क्रमांकांच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या द्यायच्या, पैसे घ्यायचे आणि ‘नावावर कधीही करून घ्या’ म्हणायचे. तीच गाडी तेच कोरे फॉर्म घेऊन तिसऱ्याकडे, चौथ्याकडे जाते. कायद्याच्या नोंदीत मालक अजून पहिलाच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले होते. वाहन एकामागून एक अनेकांना विकले गेले, नोंदणी मात्र बदलली नाही आणि दरम्यान अपघात झाला. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच ठेवली. म्हणजे विकणाऱ्याची मान अडकते. घेणाऱ्याचेही बरे नसते: गाडी स्वतःच्या नावावर नाही आणि विमा कंपनीला चौदा दिवसांत कळवलेले नाही, तर चोरी किंवा मोडतोडीची भरपाई मिळण्याचा भरवसा उरत नाही.

दुसऱ्या राज्यातली गाडी गोव्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवायची असेल तर येथील नोंदणी क्रमांक घेणे मोटर वाहन कायद्याने बंधनकारक आहे. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते, फॉर्म २८ वर. मूळ कार्यालय म्हणजे गाडी जिथे उभी आहे ते नव्हे, जिथे नोंदली आहे ते. निपाणीत एमएच-०९ ची गाडी घेतली तर खेप कोल्हापूरला, केए-२३ ची घेतली तर चिकोडीला. गाडी कोणत्या कार्यालयाकडे जाणार हे त्या पत्रात लिहिलेले असते. आपला पत्ता फोंड्याचा आणि पत्र म्हापशाच्या नावे, असे झाले की पुन्हा घाट चढावा लागतो. कर्जाचा बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ आधी. दंडाच्या थकीत पावत्या कर्नाटकच्या आणि महाराष्ट्राच्या अशा दोन्हीकडे तपासाव्यात, कारण सीमेवरची गाडी दोन्हीकडे दंड भरण्याजोगी फिरलेली असते. चोरीच्या नोंदीसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सेवा आहे. मालकाचे नाव, बोजा आणि विमा एम-परिवहन ॲपवर दोन मिनिटांत दिसतो. मालकी बदलल्यावर घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या भागातील कार्यालयाला कळवायचे असते.

करही विसरू नये. मूळ राज्यात भरलेला आजीवन कर गोव्यात चालत नाही. येथे तो वेगळा भरावा लागतो. मूळ राज्याकडून उरलेल्या काळाचा परतावा मागता येतो, पण तो कुणाला मिळणार हे सौद्यातच ठरवावे. गोव्यातील रक्कम आपल्या कार्यालयात आधी विचारून ती गाडीच्या किमतीत मिळवावी. मग ‘तिकडे वीस हजारांनी स्वस्त’ हा हिशेब बऱ्याचदा बदलतो. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेली जुनी करिझ्मा किंवा पल्सर असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाचा खर्च आणि तपासणी त्यातच आली.

पाटी बदलण्याची घाई करावी याला आणखी एक कारण आहे. १९५६ पासून चिघळलेल्या सीमाप्रश्नाची झळ अधूनमधून नंबर प्लेटला लागते. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडी येथे महाराष्ट्राच्या पाट्यांच्या वाहनांवर दगडफेक झाली होती. पाटी पाहून माणूस ओळखला जाण्याचे दिवस तिथे कधी परत येतील, सांगता येत नाही.

विक्रेता दलाल किंवा दुकानदार असेल तर त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे अधिकृत वितरक म्हणून प्रमाणपत्र आहे का ते विचारावे. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना ते आवश्यक आहे, आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंदही ऑनलाइन व्हावी लागते. मालकाकडून थेट घेत असाल तर नोंदीत नाव असलेली व्यक्तीच समोर असावी, तिचा भाऊ किंवा मित्र नव्हे. करारपत्र कन्नडमध्ये केले असेल तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. पैसे दोन हप्त्यांत द्यावेत. पहिला बँकेतून, पावतीवर चासी क्रमांक, तारीख आणि ताबा दिल्याची वेळ लिहून घेऊन. उरलेली रक्कम ना-हरकत पत्र हातात पडेल त्या दिवशी. सज्जन विक्रेता याला नाही म्हणत नाही, कारण अपघाताच्या जबाबदारीतून त्याचीही सुटका याच कागदाने होते. पत्र मिळाल्यावर गाडी घेऊन उतरताना टाकीतले जुने पेट्रोल संपवून नवे भरावे. याच पट्ट्यातल्या उसापासूनही बनणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्के असते. ते पाणी शोषते, आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला आतून गंज धरतो. २०२३ पूर्वीच्या गाडीची पेट्रोलची रबरी नळी त्याच वेळी बदलून घ्यावी.