घर बांधताना परवाना का विचारावा?

मागच्या व्याख्यानात आपण शब्दप्रमाणाविषयी बोललो. दुसऱ्याने सांगितलेलं खरं कधी मानावं, हा तो प्रश्न. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, ‘‘सर, घर बांधायला काढलंय. तुम्ही सांगता तसा आप्त गवंडी धाराशिवात कुठं मिळंल?’’ आजूबाजूचे हसले. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर लक्षात आलं, प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. म्हणून आज त्याचंच उत्तर देण्याचा प्रयत्न करू.

बाजारात वांगी घेताना आपण ती दाबून, उलटून बघतो. तिथं कुणाच्या शब्दाची गरज नसते. घराचं तसं नाही. कॉलममध्ये रिंगा किती अंतरावर बांधल्या, काँक्रीट ओतायला सोपं जावं म्हणून त्यात जास्तीचं पाणी घातलं का, अर्थिंगची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली का, हे सगळं झाकलं जातं. गिलावा झाला, रंग दिला, वास्तुशांत झाली की चांगलं काम आणि वाईट काम दिसायला सारखंच. आपल्या हातात उरतो तो फक्त काम करणाराचा शब्द.

मग हा शब्द कुणाचा मानावा? नैयायिकांचं म्हणणं असं, की शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. वात्स्यायनाने आप्त कोण ते सांगितलं. ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे तो हेही म्हणतो, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच लागू. म्हणजे आप्तपणा जन्मावर नाही, नात्यावर तर नाहीच. आपण मात्र काम देतो ते ‘‘आपल्या पाव्हण्याचा पोरगा हाय’’ म्हणून.

आता अनुभवाचा मुद्दा. लोक म्हणतात, ‘‘आमचा मिस्त्री तीस वर्षं घरं बांधतोय, त्याला काय कागद विचारायचा?’’ अनुभवाला आम्ही कमी लेखत नाही. पण अनुभव कशाचा, हे विचारलं पाहिजे. आपल्या जिल्ह्याला हे सांगायला लागू नये.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले. पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना धक्का बसला. लातूरकडे किल्लारी, आपल्या बाजूला सास्तूर आणि उमरगा-लोहारा भागातली गावं. माणसं गेली आठ हजारांच्या घरात. जगाच्या मोजमापात हा काही प्रचंड भूकंप नव्हता. सहाच्या थोडा वर. मग एवढी माणसं का गेली?

घरं आठवा. दोन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती. बाहेरून एक थर दगडांचा, आतून दुसरा, मध्ये खडी-माती भरलेली. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नाहीच. वर माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा फूट-दोन फूट थर. गळायला लागलं की दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची. धक्का बसताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, कोपरे उघडले आणि ते ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक ठिकाणी खणाची लाकडं उभी राहिली आणि भिंती पडल्या.

ही घरं बांधणारे अडाणी नव्हते. ऊन कसं अडवायचं, पाऊस कसा थोपवायचा, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण जमीन हलते, हा अनुभव त्यांच्या पिढ्यांना नव्हता. आपल्यापुढे जो प्रश्न आला, त्याचंच उत्तर अनुभव देऊ शकतो. जो कधी आलाच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या गावाचा, दुसऱ्या देशाचा अनुभव लागतो. शिक्षण आणि बांधकामाची मानकं म्हणजे दुसऱ्यांचा तो अनुभव आपल्यापर्यंत आणण्याची व्यवस्था.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की व्यवस्थाही चुकली होती. तेव्हाच्या अधिकृत नकाशात किल्लारीचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये नकाशा बदलला आणि हा भाग तिसऱ्या क्षेत्रात आला. तज्ज्ञही चुकतो. फरक एवढाच, की त्याची चूक कागदावर सापडते आणि सुधारता येते. भिंतीत गाडलेली चूक भिंत पडल्यावरच कळते.

आता परवान्याकडे येऊ. इथं एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे ज्याला आपण गुत्तेदार म्हणतो, त्याला खासगी घर बांधण्यासाठी परीक्षा घेऊन दिलेला असा परवाना आपल्या राज्यात नसतो. ‘‘रजिस्टर्ड कॉन्ट्रॅक्टर’’ अशी पाटी असते, ती बहुधा सरकारी कामं घेण्यासाठीची नोंदणी. तिचा तुमच्या स्लॅबशी थेट संबंध नाही. नगरपालिकेच्या हद्दीत परवाना असतो तो अभियंता, स्ट्रक्चरल अभियंता आणि पर्यवेक्षक यांना. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्यांची पात्रता आणि कर्तव्यं दिलेली आहेत. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याने होते.

विजेचं मात्र वेगळं. तिथं परवाना सरळ ठेकेदारालाच लागतो. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणं सोडलं, तर घरातलं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं, हा नियम १९५६ पासून आहे. वायरमनचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र वेगळं आणि ठेकेदाराचा परवाना वेगळा. नवं कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्ट लागतो, तो या ठेकेदाराचा.

यातली पळवाट आम्ही स्वतः भोगली. आम्ही घर बांधलं तेव्हा वायरिंग एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतलं. टेस्ट रिपोर्टवर सही आली, ती घराची पायरीही न चढलेल्या परवानाधारकाची. आम्ही त्यावर पैसे वाचवल्याचा आनंद मानला. दुसऱ्या वर्षी न्हाणीत नळाला हात लावताच आमच्या घरच्यांना शॉक बसला. गीझर बिघडला होता, पण ते निमित्त. बोर्ड उघडला तर हिरवी तार गिलाव्यात जाऊन संपलेली. जमिनीत काहीच नाही. त्या वाचल्या. तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने दुसऱ्याची सही पुरावा म्हणून घरात आणली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तेव्हा परवाना विचारायचा तो कागदासाठी नव्हे. ज्याचा परवाना आहे तोच माणूस कामावर उभा आहे का, हे बघायचं. परवाना म्हणजे माणूस चांगला असल्याची हमी नाही. त्याने किमान परीक्षा दिली आहे, त्याचं नाव-क्रमांक कुठेतरी नोंदलेलं आहे आणि चुकलं तर तो परवाना गमावू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. वात्स्यायनाच्या दोन अटींना समाजाने ही तिसरी जोडली, की त्या शब्दाबद्दल त्याला जाब विचारता आला पाहिजे.

जिथं परवाना नाही, तिथं ही जबाबदारी आपण तयार करायची. गुत्त्याचा करार लेखी करा. स्टील, सिमेंट, हप्ते, मुदत सगळं त्यात लिहा. पैसे दिल्याची पावती घ्या. ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही सेवा धरलेली आहे, पण आयोगापुढे कागद बोलतो, तोंडी वायदा नाही. प्रत्येक झाकलं जाणारं काम झाकण्याआधी फोटो काढून ठेवा. आणि पाण्याचं बघा. मानकाप्रमाणे आपल्यासारख्या कोरड्या-उष्ण हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओलं ठेवायचं असतं. आपल्याकडे टंचाई, म्हणून तिसऱ्या दिवशीच पाणी थांबतं. टँकरचा खर्च आधीच हिशेबात धरा, नाहीतर पावसाळ्यानंतर बांधा.

घरमालकाला यातलं काय कळणार, असं म्हणू नका. भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली आणि दोन लाखांच्या आसपास घरांची जागेवरच दुरुस्ती-मजबुती हाती घेतली गेली. त्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. त्यांनी भूकंपरोधक बांधकामाची माहिती घेतली, ती घरोघरी सांगितली, काम कसं चाललंय यावर लक्ष ठेवलं. पदवी नव्हती, पण काय विचारायचं ते शिकून घेतलं होतं.

शेवटी समोरून एक ताई विचारतायत, ‘‘आमच्या खेड्यात परवानावाला अभियंता येत नाही, फी परवडत नाही, मग?’’ ताई, रोज नका बोलावू. तालुक्याहून दोनदाच बोलवा. पायाचं स्टील बांधून झाल्यावर आणि स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी. त्याने बघितल्याशिवाय काँक्रीट पडणार नाही, हे गुत्तेदाराला करारातच सांगून ठेवा. त्या दोन फेऱ्यांची फी फरशीच्या खर्चातून काढा. फरशी पुढे बदलता येते, पाया बदलता येत नाही.

आम्ही इथंच थांबतो.