हृदयगतीतील वैषम्य आणि वत्सनाभकल्पांचा विवेक

चरकाचार्यांनी वाताच्या ८० नानात्मज विकारांत 'हृद्द्रव' सांगितला आहे, तर वाग्भटांनी व्यानवायूचे स्थान हृदय मानले आहे. आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार उजव्या अलिंदातील सायनस नोडमधून निघणारा विद्युत्संदेश हृदयाची गती ठरवितो. प्रौढ व्यक्तीत विश्रांतावस्थेत ती मिनिटास ६० ते १०० असते. संदेशाचा उगम किंवा वहनमार्ग बिघडल्यास गती मंद, शीघ्र वा विषम होते.

नाडीपरीक्षण : अधूनमधून एखादा ठोका चुकणे बहुधा सौम्य असते. मात्र नाडीत कोणताही क्रम उरला नसेल आणि हृदयावर ऐकलेले ठोके मनगटावरील ठोक्यांपेक्षा अधिक भरत असतील, तर अलिंदकंपनाची शंका घ्यावी. या विकारात अलिंदात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो. शार्ङ्गधरांनी थांबून थांबून चालणारी नाडी प्राणनाशक म्हटली आहे. नाडी संशय देते. निश्चिती ईसीजीनेच होते.

विषजन्य वैषम्य : विषाचा हृदयावरील परिणाम कोकणास नवा नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी लाल विंचवाच्या दंशानंतरची हृदयविषयक लक्षणे १९८२ मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात मांडली. विंचवाच्या विषाप्रमाणेच वत्सनाभातील ॲकोनिटिनही पेशींच्या सोडियम मार्गांवर कार्य करते. ते मार्ग वेळेवर बंद न झाल्याने हृदयपेशी पुनःपुन्हा उत्तेजित होतात आणि निलयांत घातक अनियमितता उद्भवते.

त्रिभुवनकीर्ती, मृत्युंजय रस व आनंदभैरव रस हे आपल्या नित्य वापरातील कल्प वत्सनाभयुक्त आहेत. गोमूत्र अथवा गोदुग्धातील शोधनाने ॲकोनिटिनचे विघटन होऊन तीव्रता पुष्कळ घटते. अपुरे शोधन किंवा अतिमात्रा झाल्यास ओठ व जीभ बधिर होणे, मुंग्या, उलटी, रक्तदाब घटणे आणि धडधड ही लक्षणे काही मिनिटांत ते दोनेक तासांत दिसतात. यावर विशिष्ट प्रतिविष नाही. रुग्णास तत्काळ अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे आणि औषधाचे वेष्टन सोबत द्यावे.

औषधविक्रेत्यांसाठी : वत्सनाभ 'औषध नियमां'च्या अनुसूची ई(१) मध्ये समाविष्ट आहे. नियम १६१ नुसार अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना आवश्यक असते. बेलवलीसारख्या उपनगरात लोकल गाठण्याच्या घाईत असलेला ग्राहक दवाखाना टाळून दुकानातूनच तापाची गोळी मागतो. अशा वेळी वैद्याची चिठ्ठी पाहिल्यावाचून वत्सनाभकल्प देऊ नये.

चिकित्सकांनी पाळावयाची पथ्ये :

१. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी.

२. ज्ञात हृद्रोगी, वृद्ध व गर्भिणी यांना वत्सनाभकल्प टाळावेत.

३. डिगॉक्सिन घेणाऱ्यास यष्टिमधु दीर्घकाळ देऊ नये. मूत्रल औषधे घेणाऱ्यास तीव्र विरेचन देऊ नये. दोहोंत पोटॅशियम घटून गती बिघडण्याचा संभव असतो.

४. भोवळ, मूर्च्छा, उरोवेदना किंवा श्वासकष्टासह विषम नाडी आढळल्यास दवाखान्यात उपचार करीत वेळ दवडू नये.

योग्य मात्रेत वत्सनाभ औषध आहे, याचे भान आपणास आहेच; ते विष आहे, याचेही विस्मरण होऊ नये.