बिलावरचा आकडा आणि मनाचं दुखणं

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू एक कागद घेऊन घरी आल्या. त्यांचा मुलगा अमेरिकेत, न्यू जर्सीला असतो. कामाच्या ताणानं तो खचला, झोप उडाली, तेव्हा मित्रांनी त्याला इस्पितळात नेलं. आता बरा आहे. पण त्यानं पाठवलेल्या बिलावर ९०७९२ असा आकडा होता आणि काकूंचं बोट तिथंच अडलं होतं. "भाई, हा वेडाचा नंबर का हो? जन्मभर चिकटायचा का पोराला?"

मी पडलो कवी, साधा बी.ए. पण माझी भाची पुण्यात हेच काम करते. तिकडच्या डॉक्टरांच्या नोंदी वाचायच्या आणि त्यांना योग्य आकडे लावायचे. तिनं मला समजावलं, तेच तुम्हाला सांगतो.

अशा बिलात दोन तऱ्हेचे संकेतांक असतात. एक केलेल्या कामाचा, दुसरा आजाराचा. कामाचे पाच अंकी आकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून ठरवत आली आहे. ९०७९२ म्हणजे वैद्यकीय सेवेसह केलेली मानसिक तपासणी. शरीराची तपासणी, औषधं यांचाही विचार त्यात येतो. मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेविका वैद्यकीय भाग सोडून तपासणी करतात, तिचा आकडा ९०७९१. २०१३ पूर्वी हा भेद नव्हता.

रुग्ण दाखल झाला तर डॉक्टर ९९२२१ ते ९९२२३ यांपैकी आकडाही लावू शकतात. २०२३ पासून वेळेच्या हिशेबानं त्यांना अनुक्रमे किमान ४०, ५५ आणि ७५ मिनिटं लागतात. वेळेऐवजी निर्णय किती गुंतागुंतीचा होता, हेही पाहता येतं. म्हणजे हे सारे आकडे डॉक्टरांच्या श्रमाचे. रुग्णाच्या मनाबद्दल ते काही सांगत नाहीत.

आजाराचा संकेतांक वेगळा. तो इंग्रजी अक्षरानं सुरू होतो, मानसिक विकारांसाठी 'एफ'. एफ ३२ म्हणजे नैराश्य. हा मात्र नोंदीत राहतो, विमा कंपनीही तो पाहते. म्हणून तो कोणता लिहिला आणि का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. इस्पितळाचं बिल आणि डॉक्टरांचं बिल पुष्कळदा स्वतंत्र येतं. तेव्हा तपशीलवार बिल मागावं आणि एकच काम दोनदा तर लावलं नाही ना, हे पाहावं.

पण आकड्याच्या भीतीनं तपासणीच टाळणं हा सर्वांत महाग सौदा. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानं, मानसिक आजाराला संरक्षण देणाऱ्या बहुतेक विमा योजनांना त्यासाठी शरीराच्या आजारापेक्षा कडक अटी घालता येत नाहीत. आपल्याकडेही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांवर दोन्ही आजारांना समान वागणूक देण्याचं बंधन घातलं आहे. मन दुखतं आणि त्यावर उपचार असतात, हे कायद्यानं मान्य केलं. घरानं मान्य करायला का वेळ लावावा?

काकूंनी कागदाची घडी घातली. त्या रात्री मुलाचा फोन आला, तेव्हा बिलाचा विषय त्यांनी काढलाच नाही. एवढंच विचारलं, "बाळा, झोप लागते का रे आता?"