टिळकांचा लॉ क्लास : बंद पडला, पण वकिलीची वाट दाखवून गेला

माधवनगर : बारावी झालेलं पोरगं 'वकील व्हायचंय' म्हणालं की घरात पहिला प्रश्न निघतो, कॉलेज कुठलं आणि खर्च किती? सव्वाशे वर्षांपूर्वी हा प्रश्न याहून अवघड होता.

मुंबईचे सरकारी लॉ कॉलेज १८५५ चे. पुण्याचे आयएलएस १९२४ मध्ये आणि कोल्हापूरचे लॉ कॉलेज १९३३ मध्ये सुरू झाले. त्याआधी आपल्या भागातल्या पोरांनी जायचं कुठं?

क्लास कसा सुरू झाला?

लोकमान्य टिळक १८७९ ला एलएल.बी. झाले, पण कोर्टात वकिली केली नाही. १८९० मध्ये त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. 'केसरी'वर कर्ज होते. घर चालवायला त्यांनी लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागी घेतली आणि पुण्यात लॉ क्लास काढला.

तेव्हा एलएल.बी. नसली तरी परीक्षा देऊन वकील होता येत असे. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर अशा दोन परीक्षा होत्या. डिस्ट्रिक्ट प्लीडर जिल्ह्यातल्या कोर्टांत काम चालवत. या परीक्षांची तयारी क्लासमध्ये करून घेतली जाई.

सातारा-मिरजेचा संबंध

क्लास आणि वृत्तपत्रे दोन्हीचा व्याप एकट्याला झेपेना. १८९६ मध्ये टिळकांनी साताऱ्यात वकिली करणाऱ्या न. चिं. केळकरांना मदतीला बोलावले. केळकरांचे सुरुवातीचे शिक्षण मिरजेत झालेले. पुढे तेच 'केसरी'चे संपादक झाले. १८९७ ला टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. राजकारण वाढत गेले तसा क्लास मागे पडला आणि बंद झाला.

आज काय?

१९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर प्लीडर, मुखत्यार हे प्रकार संपले. आता वकिलांचा एकच वर्ग आहे. लॉची पदवी असल्याशिवाय सनद मिळत नाही. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा कोर्स असतो. त्यासाठी सीईटी द्यावी लागते. वकिली करायला बार कौन्सिलची परीक्षाही पास व्हावी लागते.

म्हणून फी भरण्याआधी एक गोष्ट बघाच. कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, हे कागदावर तपासा. टिळकांच्या क्लासला मान्यतेची गरज नव्हती, कारण परीक्षा बाहेर होती. आज मान्यता नसेल तर वर्षे जातात, पैसे जातात आणि सनद अडकते.